चतुराबाईंनी न घातलेला डाग

चतुराबाई बिब्बा घालायच्या. कुणाचा गुडघा धरला, कुणाच्या पाठीत चमक भरली, कुणाचा घोटा सुजला की आमच्या गावातलं माणूस त्यांच्याकडे जायचं. बिब्ब्यात सुई खुपसायची, दिव्यावर धरायची, काळं तेल सुटलं की सुईचं टोक दुखऱ्या जागी टेकवायचं. काम एवढंच. पण टेकवायचं कुठं, हे त्यांनी स्वतःशी पक्कं ठरवलेलं होतं. दोन दोन बोटांच्या अंतरानं, एका ओळीत, तीन ठिपके. हाड किंवा शीर हाताला लागते अशा घट्ट कातडीवरच. काखेत, कमरेला, जांघेत कधीच नाही. तिथली कातडी मऊ; तिथं बिब्बा उततो, म्हणजे फोड येतात, अंग सुजतं, माणूस आठ दिवस खाजवत बसतो.

त्यांना आपले डाग ओळखू यायचे. नदीवर पाय धुणाऱ्या एखाद्या बाईची पोटरी पाहून त्या म्हणायच्या, "हे दुष्काळातले. तवा तू खडी फोडायला जात होतीस." आणि ते बरोबर निघायचं.

त्यांचं घर गावाच्या पूर्वेला, बौद्ध वस्तीत. छप्पन सालानंतर वस्तीनं घरातले देव नदीत सोडले होते, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं होतं, मुलं शाळेत घातली होती. मोठ्या घरातून चतुराबाईंना बोलावणं आलं तर मात्र त्यांना अजून गोठ्यातच बसवत. दुखरा गुडघा आपल्या पायानं गोठ्यात यायचा. ठिपके घालून झाले की चतुराबाई हात धुवायला पाणी मागत आणि ते वरून ओतणाऱ्या बाईच्या डोळ्यांत बघत राहत. त्यानं पाणी ओतणाऱ्या बाईची पंचाईत व्हायची.

शहात्तर सालची गोष्ट आहे. पाऊस बरा झाला होता. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती आणि बांधांवर गवत एवढं माजलं होतं की वाट पायानं चाचपून शोधावी लागायची. त्या साली जीपचा आवाज आला की गावातले पुरुष पळत. नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं धरून नेतात ही बातमी टेंभुर्णीच्या बाजारातून आली होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. गडीमाणसं दिवस दिवस शेतात लपून बसत. ज्वारीत चिखल असला की ओढ्याच्या बांधावर, गवतात. बाया त्यांना भाकरी नेऊन देत. आजारी माणसालाही कुणी टेंभुर्णीच्या दवाखान्यात नेईना. ताप घेऊन जायचं आणि काय करून घेऊन यायचं, याचा भरवसा नव्हता.

अशात एक वेगळी जीप येऊ लागली. तिच्यात माणसं कमी आणि तारेचे पिंजरे जास्त. ती माणसं दिवस कलला की बांधावर पिंजरे मांडून जात, सकाळी येऊन धरलेले उंदीर आणि चिचुंद्र्या पांढऱ्या पिशव्यांत भरून नेत.

पिठाच्या गिरणीवर याचीच चर्चा. गिरणी कडूबाची. जात्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याची कुजबुजसुद्धा अर्ध्या गावाला ऐकू जायची.

"सरकार उंदीर कशाला धरून राह्यलं? निमित्त हाय नुसतं. आज बांध बघून राह्यले, उद्या माणसं मोजतील."

"मंग पिशवीत काय करत असतील?" कुणीतरी विचारलं.

"काय करतील! ऑपरेशन आदी उंदरावर करून बघत असतील. जमलं की मंग तुझ्यावर."

लोक हसले, पण त्याच आठवड्यात चार पिंजरे कुणीतरी विहिरीत टाकले.

मग तापाला सुरुवात झाली. पहिला गेला भिवा. रामराव पाटलांचा सालगडी, दोन बैल एकटा आवरणारा माणूस. अंग मोडून आलं म्हणून तो चतुराबाईंकडे गेला, त्यांनी त्याच्या पोटरीवर तीन ठिपके घातले. ताप हटला नाही. डोकं धरून ओरडायचा, मग बरळायला लागला, बाराव्या दिवशी संपला. पाठोपाठ पुष्पाबाई. तिच्याही घोट्यावर चतुराबाईंचे ठिपके होते. दोघांना शेवटची आंघोळ घालणाऱ्यांना मात्र पोटरी-घोट्याचे ठिपके नवे वाटले नाहीत. नवं होतं ते दुसरंच. भिवाच्या जांघेत आणि पुष्पाबाईच्या कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, एकेक काळा डाग होता.

चतुराबाईंना हे गिरणीवर कळलं. त्या दळण घेऊन आल्या आणि ओळीतल्या बायांनी आपापली डबडी जवळ ओढून घेतली.

कडूबानं गिरणी चालू ठेवूनच विचारलं, "चतुरामावशे, जीपवाल्यांनी नवी सुई दिली म्हणं?"

"कोणती सुई?"

"भिवाच्या जांघेत टोचली ती. अन् पुष्पाबाईच्या कमरेला."

"भिवाच्या पोटरीला घातलं म्या. जांघेत मी कधी घालत न्हाई."

"मंग काळा डाग काय आभाळातून पडला? काळं या गावात दुसरं कोण करतं?"

"माझा हात मला कळतो, कडूबा."

"मेलेल्याला बी कळला," कडूबा म्हणाला, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी रामराव पाटलांचा निरोप वस्तीत आला. चतुरानं यापुढं कुणाच्या अंगाला सुई लावायची नाही. आणखी कुणी तिच्या डागानं गेलं तर तिला गावात ठेवणार नाही. चतुराबाई विधवा होत्या. एक खोली, आणि पाटलांच्या शेतातली मजुरी. जायचं म्हटलं तर त्यांना दुसरं गाव नव्हतं.

त्यांनी आधी स्वतःवरच संशय घेतला. घरातले बिब्बे चुलीत टाकले. मग वाटलं, बिब्ब्यात दोष होता हे आता कळणार कसं? म्हणून एक राखेतून उकरून काढला, सुई तीच घेतली आणि आपल्याच नडगीवर ठिपका घातला. तो नेहमीसारखा पोळला, नेहमीसारखा दोन दिवस खाजला, आणि ताप काही आला नाही. मग त्यांना वाटू लागलं की गावात आणखी कुणीतरी चोरून बिब्बा घालतंय. शेजारणीच्या दारावरून जाताना त्या तेलाचा वास घेत. दिव्याची वात कुणाकडे जास्त काळी आहे ते बघत. आपण सगळ्यांकडे कसं बघायला लागलो आहोत, हे त्यांना कळत होतं, कारण लोक त्यांच्याकडे तसंच बघत होते.

अशात रामराव पाटलांची सून उषाबाई तापानं पडली. पाच दिवस झाले. वैद्याच्या पुड्या चालू होत्या. सहाव्या दिवशी रामराव बाजाराला टेंभुर्णीला गेलेले पाहून चतुराबाई भर दुपारी त्यांच्या गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. पाटलीणबाई, म्हणजे गिरिजाबाई, बाहेर आल्या.

"काहून आलीस?"

"सूनबाईला बघायला."

"तुला हात लावू देणार न्हाई मी."

"लावत न्हाई. तुम्ही दावा, मी लांबून बघते."

"काय दावू?"

"काळं."

गिरिजाबाईंनी वळून आतल्या खोलीकडे पाहिलं, त्यावरून चतुराबाईंना कळलं की डाग आहे. सकाळीच सुनेची चोळी बदलताना गिरिजाबाईंना तो दिसला होता. सून आपल्याला चोरून वस्तीत जाऊन आली, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तूच घातला अन् आता तूच बघायला आलीस?" त्या म्हणाल्या.

"मी घातला असता तर बघायला कशाला आले असते? घरी बसून वाट पाह्यली असती."

हे गिरिजाबाईंना पटलं की नाही कोण जाणे. पण त्या आत गेल्या आणि सुनेला आधार देत गोठ्यात घेऊन आल्या. पोत्यावर बसवलं. तिचे डोळे लाल होते, मान धरवत नव्हती. गिरिजाबाईंनी तिचा डावा हात वर उचलून दाराच्या उजेडाकडे केला.

काखेच्या घडीत डाग होता. एकच. बिडीचं विस्तव असलेलं टोक टेकवावं तेवढा, कोरडा, काळ्या खपलीचा, आणि भोवती लाल कड. चतुराबाई चार हातांवरून बघत होत्या. बिब्ब्याचा डाग असा नसतो. तो चिकट असतो, तेल पसरतं तसा कडेला फिकट होत जातो.

"दुखतं का गं, माय?"

"काय?" उषाबाईनं विचारलं.

बिब्बा घातलेलं माणूस "काय" असं विचारत नाही. गिरिजाबाईंच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर चतुराबाईंचे ठिपके होते आणि त्या खाजेनं काढलेले दिवस त्यांना आठवत होते. त्यांनी सुनेचा हात हळूच खाली सोडला.

"आजारी पडायच्या आदी कुठं गेल्तीस, सूनबाई?"

"ओढ्याच्या बांधाला. गवत कापायला. चार दिस जात होते."

भिवा त्याच बांधावर लपून बसत असे. पुष्पाबाई नवऱ्याची भाकरी घेऊन तिथंच जायची आणि तो जेवेपर्यंत गवतात बसून राहायची. आणि जीपवाल्यांचे पिंजरेही तिथंच असत. चतुराबाईंचा संशय आता नीट एका जागी येऊन बसला. जीपवाल्यांनीच बांधात काहीतरी टाकलं. गाव म्हणत होतं ते खरंच असावं, फक्त गावानं माणूस चुकीचं धरलं होतं.

त्या तशाच निघाल्या. मदत मागायला नाही, भांडायला.

टेंभुर्णीच्या रस्त्याला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये उंदीर धरणाऱ्या पथकाचा मुक्काम होता. बाहेर जीप उभी. आत बाकावर एक माणूस बसून मेलेल्या उंदराचा कान चिमट्यानं धरून बारीक कुंचल्यानं झटकत होता. खाली पांढरी चिनी मातीची बशी. त्याचं नाव सर्जेराव. उंदीर धरायचं आणि तपासायचं काम त्याचं. त्यानं चाहूल लागताच आधी चतुराबाईंच्या हाताकडे पाहिलं. मागच्या आठवड्यात एका गावात त्याला दगड बसला होता.

"बांधात काय टाकलं तुम्ही?" चतुराबाईंनी दारातूनच विचारलं.

"पिंजरे. त्यातले चार तुमच्या गावानं विहिरीत टाकले."

"त्याच्या आदी काय टाकलं?"

"आदी काय टाकणार, मावशी? आम्ही न्यायला येतो, टाकायला न्हाई. तुम्ही कोण?"

"तुम्ही केलं अन् जिच्यावर आलं, ती."

सर्जेराव हसला आणि पुन्हा कानाकडे वळला. वेडी असावी, असं त्याला वाटलं. पण चतुराबाई बाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि बोलतच राहिल्या. दोन माणसं गेली. तिसरी जायच्या वाटेवर आहे. तिघांना काळा डाग. काखेत, कमरेला, जांघेत. बिडीनं पोळल्यासारखा, पण दुखत नाही, आणि...

चिमटा थांबला.

"भोवती लाल कड हाय?"

"हाय."

"ताप कितवा दिवस?"

"सहावा."

सर्जेरावनं उंदीर खाली ठेवला आणि आतल्या बाजूला बघून, "साहेब, जरा इकडं या," म्हणून हाक मारली.

आतून चष्मा लावलेला एक तरुण डॉक्टर आला. त्यानं चतुराबाईंना तेच सगळं पुन्हा विचारलं. त्या सांगत होत्या आणि त्याच्या तोंडाकडे संशयानं बघत होत्या, कारण तो घाबरला नव्हता, उलट त्याचे डोळे चमकत होते. दोन महिने तो या भागात उंदीर तपासत होता. रोग आहे असा त्याला अंदाज होता, पण आजारी माणूस त्याला कुठल्याच गावानं दाखवला नव्हता.

त्यानं बशी पुढं केली. पांढऱ्या चिनी मातीवर तांबूस कण होते, राजगिऱ्याहूनही बारीक. चतुराबाईंना आधी ते तिखटाचे वाटले. मग त्यातला एक चालला.

"ही किड्याची पिल्लं," डॉक्टर म्हणाला. "उंदराच्या, चिचुंद्रीच्या कानात बसतात. उंदराला फारसं काही होत नाही. तो यांना अंगावर घेऊन हिंडतो. गवतात उंदरांची ये-जा असते तिथं ही पानाच्या टोकावर येऊन थांबतात. माणूस बसला की अंगावर चढतात, कपडा घट्ट असतो तिथं जाऊन चावतात. चावल्याचं कळत नाही. खपली धरते तेव्हा कळतं, तेही पाहिलं तर."

चतुराबाई बशीवर वाकल्या. आपल्यावर आलेलं सगळं एवढ्याशा जागेत मावतं, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"अन् तुम्हीच सोडलं नसेल कशावरून?"

"सोडायचंच असतं तर तुम्हाला दाखवलं असतं का?"

तासाभरापूर्वी त्यांनी स्वतः गोठ्यात असंच उत्तर दिलं होतं. त्या म्हणाल्या, "औषध हाय का?"

"आहे." डॉक्टरनं गोळ्यांची बाटली दाखवली. "पण मुलीला पाहिल्याशिवाय देणार नाही. जीप काढतो."

"जीप आली तर गाव रिकामं होईल, अन् पोर आतल्या खोलीत कडी लावून मरेल. मीच घेऊन येते."

चतुराबाई परतल्या तेव्हा गिरिजाबाई गोठ्यातच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सरकारी डॉक्टर? ऑपरेशन करून पाठवतील पोरीला."

"या तापाला ऑपरेशन न्हाई. गोळ्या हायत."

"तू पाह्यल्या?"

"पाह्यल्या. अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या."

"खाऊन पाह्यली का एखादी?" गिरिजाबाईंनी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "वाटेत काही झालं तर मी तुझंच नाव घेईन, चतुरे."

"इथं झालं तरी माझंच घेणार हायत."

गिरिजाबाई उठल्या. रामराव बाजारात होते. मुलगा, म्हणजे उषाबाईचा नवरा, जीपच्या भीतीनं सकाळपासून ज्वारीत. गिरिजाबाईंनी स्वतः बैल जुंपले, गाडीत गोधड्या टाकल्या, सुनेला झोपवून वरून लुगड्याचा आडोसा केला. गिरणीवरून जाताना कडूबा ओट्यावर आला.

"वहिनी, गाडी तुम्ही हाकता?"

"तुम्ही सगळे ज्वारीत जाऊन बसल्यावर कोण हाकणार? सुनेला माहेरी नेऊन राह्यले."

चतुराबाई शेताच्या वाटेनं पुढं जाऊन ओढ्यापलीकडे थांबल्या होत्या. ओढा ओलांडल्यावर गिरिजाबाईंनी गाडी थांबवली. खडबडीत रस्त्यावर उषाबाईचं डोकं दर हिसक्याला फळीवर आदळत होतं आणि कासरा सोडून ते धरता येत नव्हतं. त्यांनी एकदा मागं पाहिलं, एकदा चतुराबाईंकडे.

"चढ," त्या म्हणाल्या.

उरलेल्या रस्त्यात उषाबाईचं डोकं चतुराबाईंच्या मांडीवर होतं.

डॉक्टरनं डाग पाहिला, मान हलवली आणि पहिली गोळी आपल्या समोर गिळायला लावली. दोन दिवस तिथंच ठेवा म्हणाला. संध्याकाळी बाजारातून परतताना रामराव पाटील काठी घेऊन शेडपाशी आले. आपली गाडी जीपशेजारी सोडलेली पाहून त्यांचा आवाज चढला.

"कुणाला विचारून आणलं?"

"कुणी नव्हतंच घरात विचारायला," गिरिजाबाई म्हणाल्या. "आता न्यायची तर तुम्हीच न्या. अन् कमीजास्त झालं तर तिच्या बापाला बी तुम्हीच सांगा."

रामराव शेडबाहेर बसून राहिले. आत गेले नाहीत, पण दर गोळीच्या वेळी उठून दारात यायचे आणि ती सुनेच्याच तोंडात जाते की नाही ते बघायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी उषाबाईला दरदरून घाम आला. तिसऱ्या दिवशी तिनं पिठलं मागितलं. मला हे पुढं उषाबाईंनीच सांगितलं. त्या म्हणाल्या, "शुद्धीवर आले तवा उशाला चतुरामावशी, पायथ्याला सासूबाई. दोघी एकमेकींवर नजर ठेवून बसल्या होत्या."

गाडी गावात परत आली. रामराव पाटलांनी आपला निरोप मागं घेतला नाही. फक्त तो पुन्हा काढला नाही. एकदा मात्र वस्तीच्या तोंडाशी येऊन, लांबूनच म्हणाले, "चतुरा, त्या जीपवाल्यांना सांग, आमच्या बांधावरचे उंदीर धरायचे तर धरा म्हणावं. पण माणसं मोजायची न्हाईत."

"तुम्हीच सांगा की, पाटील. तुमच्या तोंडाला काय झालं?" चतुराबाई म्हणाल्या.

गावानं काय मानलं, ते सांगणं अवघड आहे. उषाबाई वाचली ही गोष्ट नाकारता येत नव्हती. पण गावाला बशीतले तांबूस कण दिसले नव्हते, चतुराबाई दिसत होत्या. चार दिवसांत गिरणीवर नवी गोष्ट तयार झाली: रोग तिनंच घातला, म्हणून तर उतारा कुठं आहे तेही तिलाच ठाऊक. दोन जीव गेले ते सुई चुकली म्हणून, आणि एक वाचला तो पाटलाला भिऊन.

अशात एके दिवशी चतुराबाई दळण घेऊन गेल्या तेव्हा ओळीत सात-आठ बाया होत्या. डबडी पुन्हा जवळ ओढली गेली. कडूबा पट्ट्याशी काहीतरी करत होता. त्यानं वर न बघताच म्हटलं, "या, डॉक्टरीणबाई."

चतुराबाईंनी डबा खाली ठेवला.

"कडूबा, मागं जीप आल्ती तवा कुठं होतास?"

"ज्वारीत. सगळे होते."

"ज्वारीत का बांधावर?"

कडूबानं पट्टा सोडला. "बांधावर. ज्वारीत चिखल होता."

"किती दिस झाले?"

"आठ-दहा."

"अंग कसं हाय?"

"बरं हाय की." मग थोड्या वेळानं, "कालपासून जरा कसकस हाय. डोकं बी जड."

ओळीतल्या बाया त्याच्याकडे बघू लागल्या. आता बघणं त्याच्याकडे होतं. कडूबानं हात लांबवून गिरणी बंद केली. जातं फिरत फिरत थांबलं आणि गिरणीत कधी नसायची अशी शांतता झाली.

"सदरा काढ," चतुराबाई म्हणाल्या.

"इथं? बायांत?"

"बायांतच. मंग कुणी म्हणायला नको, चतुरानं आत नेऊन टोचलं."

त्यानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग पिठानं पांढरा झालेला सदरा डोक्यावरून ओढून काढला आणि पोलिसानं सांगावं तसे दोन्ही हात वर करून उजेडात उभा राहिला. चतुराबाई त्याच्या जवळ गेल्या, आणि हात न लावता, वाकून बघू लागल्या.